वीतभर शिंग

आमच्या कामशाळेत हातोडी चालू असताना कुणी बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. आलेला माणूस दारात उभा राहतो, मी मान वर करतो, हातोडी खाली ठेवतो, मग तो काय ते सांगतो. घाटकोपरात मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ही रीत ठाऊक आहे. त्या सकाळी आत्मारामचा धाकटा जावई दारात उभा राहिला. मी हात थांबवला, पण हातोडी खाली ठेवली नाही. समोर हंडा होता, त्याचा गळा अर्धा वळून आला होता आणि तो अर्ध्यात सोडायचा नसतो. मला वाटलं, आत्मारामचा नेहमीचा निरोप असेल, की चहा टाकलाय, ये. म्हणून नेहमीचंच उत्तर तोंडातून गेलं, "एवढा गळा आटपून येतो म्हणून सांग त्याला." जावई हलला नाही. मी दोन ठोके मारले. तरी तो तिथंच. मग मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं... आणि हातोडी खाली ठेवली. तो हंडा अजून तसाच पडून आहे. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. त्याला म्हटलं, दुसरा करून देतो, हा नाही.

आत्माराम गुरव म्हणजे कोण, हे घाटकोपरच्या बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. कणकवलीकडचा माणूस. गावी देवळाची पूजाअर्चा याच्या घराकडे, आणि देवाची पालखी उठायच्या आधी शिंग फुंकायचा मानही याच्याच घराकडे. पोट भरायला मुंबईत आला, गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या कामाला, लागला आणि आमच्या मागच्या चाळीत राहिला. येताना ते शिंग बरोबर घेऊन आला. गावात भाऊबंद म्हणाले, देवाचं शिंग मुंबईला कशाला? हा म्हणाला, शिमग्याला मी येईन तेव्हा तेही येईल, उरलेलं वर्ष ते खुंटीला टांगून काय करायचंय? मग इथं दर शनिवारी टेकडीखालच्या मारुतीच्या आरतीला तो शिंग फुंकायचा, आणि चाळीत कुणाच्या मुलीचं लग्न असलं की वऱ्हाड गल्लीच्या तोंडाशी आल्यावर फुंकायचा. त्यासाठी त्याला बोलवायला जावं लागत नसे. उलट एकदा एका घरानं बोलवायला माणूस पाठवला तर हा चिडला. म्हणाला, "मी काय भाड्याचा बँडवाला आहे काय?"

आमची ओळख झाली ती त्याच शिंगावरून. ते जिन्यात कुणाच्या तरी हातून पडलं आणि त्याच्या रुंद तोंडाला पोचा आला. पोचा काढायला तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, "ठेवून जा, संध्याकाळी ये." तर हा खाली बसला. म्हणाला, "ठेवून जाव? तू तुझ्या झिलाक खय ठेवून जातस काय?" झील म्हणजे मुलगा. एरवी तो आपल्यासारखंच बोलायचा, पण रागात किंवा आनंदात आला की मालवणीवर जायचा. मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "मग बस. पण मध्ये बोलायचं नाही." तो बसला आणि खरंच बोलला नाही. मी पोचा काढला, सगळे सांधे बघितले. अशी शिंगं तुकड्यातुकड्यांनी केलेली असतात, सोडवता येतात, पुन्हा एकात एक बसवता येतात. बघता बघता ओठ लावायच्या टोकाशी आलो तर तिथं पितळ संपलं. पुढं वीतभर काळं, गुळगुळीत काहीतरी होतं, लाखेनं आणि दोऱ्यानं पितळेत घट्ट बसवलेलं. हातावर घेतलं तर धातूसारखं गार लागेना. मी म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "शिंग." मी म्हटलं, "शिंग हे सगळं आहे. हा काळा तुकडा काय?" तो म्हणाला, "तोच शिंग आहे. बाकीचं पितळ."

तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते तो जाईपर्यंत चाललं.

त्याचं म्हणणं असं. त्याच्या गावच्या देवराईत फार पूर्वी एक गवा येऊन मेला. देवाच्या रानात मेला म्हणून त्याचं शिंग देवाचं झालं. गुरवांनी ते पोखरलं आणि फुंकलं, तेव्हापासून पालखी त्याच्या आवाजावर उठते. पुढं कधीतरी त्या शिंगाचं रुंद तोंड फुटलं, तेव्हा तांबटाकडून तेवढ्याच जागेला पितळेचं तोंड करून घेतलं. मग आणखी खाली फाटलं, आणखी पितळ लागलं. असं प्रत्येक पिढीत शिंग थोडं कमी होत गेलं आणि पितळ थोडं वाढत गेलं. आता वीतभर उरलं होतं. "पण नाव कोणाचं राहिलं?" तो विचारायचा. "पितळेचं नाही राहिलं. पितळ एवढं हातभर झालं तरी त्याला कोणी पितळ म्हणत नाही. शिंगच म्हणतात."

माझं म्हणणं वेगळं. आम्ही तांबट. मुंबईच्या तांब्यापितळेच्या बाजारात, तांबाकाट्यावर, माझ्या वडिलांची भट्टी होती. त्यांनी शिंगं केली, त्यांच्या वडिलांनी केली, मी स्वतः केली, आणि त्यातल्या एकालाही कधी कुठल्या जनावराचं हाड लागलं नाही. पत्रा वळवायचा, शिवण झाळायची, म्हणजे डाख देऊन जोडायची, आणि पत्रा चुरगळू नये म्हणून आत राळ ओतून बाक द्यायचा. बैलाच्या शिंगासारखा बाक आला की त्याला म्हणायचं शिंग. सरळ ठेवला तर कर्णा. नाव आकाराचं असतं, आणि आकार आमच्या हातातला. मी त्याला म्हणायचो, "तुझ्या गव्याची गोष्ट चांगली आहे. पण तुकडा म्हशीचा आहे. तबेल्यात जा, असली शंभर मिळतील." पहिल्यांदा हे ऐकून तो उठून गेला होता. पुढच्या शनिवारी आरतीला आम्ही शेजारी शेजारी उभे, पण बोललो नाही. प्रसाद घेताना राधावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "भावोजी, गवा म्हणा हो एकदा. घरात जेवण धड जात नाही." मी म्हटलं, "वहिनी, म्हैस असेल तर गवा कसं म्हणू?"

चाळीत एक मास्तर राहायचे, भले गृहस्थ. आमचं हे ऐकून ऐकून त्यांनी एकदा सांगितलं की संस्कृतात शृंग म्हणतात, त्याचंच आपण शिंग केलं, आणि जगात पुष्कळ ठिकाणी पितळी वाद्यांची नावं अशीच जनावरांच्या शिंगांवरून आलेली आहेत, कारण आधी माणूस खरोखरीचं शिंगच फुंकत होता. आत्मारामनं माझ्याकडे बघून मिशीवर बोट फिरवलं. मी मास्तरांना विचारलं, "म्हणजे पहिलं खरं होतं, हे मान्य. पण आता जे सगळं पितळेचं झालं, ते शिंग आहे की नुसतं शिंगाचं नाव घेऊन बसलंय?" मास्तर हसले. म्हणाले, "शब्द कुठून आला ते मी सांगू शकतो. तुमच्या दोघांचं काय करायचं ते नाही." चांगलं बोलले. मी तिसरीत शाळा सोडली. माझ्या लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत. म्हणून हेही सांगतो, की मास्तर बरोबर होते आणि तरीही आमचं भांडण मिटलं नाही, कारण ते शब्दाचं नव्हतंच. तो म्हणायचा, जोवर तो तुकडा आत आहे तोवर त्यात जीव आहे. मी म्हणायचो, जीव फुंकणाऱ्याचा असतो.

फुंकणाऱ्याचा जीव मात्र कमी कमी होत चालला होता. गिरणीतल्या कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. आधी जिना चढताना थांबायचा. मग बोलताना थांबायला लागला. मग शनिवारी आरतीला शिंग घेऊन यायचा आणि फुंकायच्या आधीच घाम पुसायचा. आवाज चिरका निघायचा, अर्ध्यात तुटायचा. देवळातली माणसं खाली बघायची. डॉक्टरांनी सांगितलं, बाजा बंद. छातीवर जोर द्यायचा नाही. तो घरी आला आणि शिंगाला तेल चोळून, कापडात गुंडाळून त्यानं कोपऱ्यात उभं केलं. तेल चोळायची त्याची जुनी सवय होती. दर शनिवारी वाटीत खोबरेल घ्यायचा आणि त्या काळ्या तुकड्याला बोटानं लावायचा. मी चेष्टा करायचो, "आज न्हाऊ घातलं वाटतं म्हशीला."

नंतर धाकट्या मुलीचं, कुसुमचं लग्न ठरलं. कांदिवलीची मंडळी, मुलगा चांगला, वैशाखातली तारीख. मी तिथं बसलो होतो तेव्हा ती बापाला म्हणाली, "बाबा, ताईच्या लग्नात तुम्ही शिंग फुंकलंत. चाळीतल्या सगळ्या पोरींच्या लग्नात फुंकलंत. माझ्याच वेळी नाही का?" वहिनी तिच्या अंगावर ओरडल्या, "अगं, बापाची छाती बघ आधी!" दुसऱ्या दिवशी आत्माराम शिंग घेऊन माझ्या दारात. हातोडी थांबल्यावर म्हणाला, "एकदा फुंकून बघितलं. अर्धी हवा कुठंतरी जाते. बघ."

मी पहिला तुकडा सोडवला, त्याच्या ओठांकडच्या तोंडावर अंगठा दाबला आणि भांडं गळतं का हे बघतात तसं त्यात पाणी ओतलं. थोडा वेळ काही नाही. मग लाखेच्या सांध्यापाशी, काळ्या शिंगावर, एक थेंब उभा राहिला. मोठा झाला, घसरला, त्याच्या जागी दुसरा आला. बारीक चीर होती, सांध्यापासून ओठांच्या दिशेनं चाललेली. आत्मारामनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, "हे काढून टाकतो. पितळेचं नवीन टोक करतो, घट्ट, केसभर हवा जायची नाही. लग्नात सगळ्या घाटकोपरला ऐकू जाईल." तो म्हणाला, "आणि हे?" मी म्हटलं, "हे देव्हाऱ्यात ठेव." तो म्हणाला, "मग फुंकू कशाला? बाजारात पिपाण्या मिळतात."

मला राग आला. मी म्हटलं, "अरे, मुलगी मोठी की म्हशीचं हाड मोठं?" हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. तेव्हा मला जे दिसत होतं तेच मी बोललो. तो उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ऐक. माझ्याकडे आता एकच फुंक आहे. एक. डॉक्टर काही म्हणो, ती मी कुसुमला देणार. पण ती ज्यातून माझ्या बापानं फुंकली, आज्यानं फुंकली, त्यातूनच गेली पाहिजे. पितळेतून गेली तर ती माझी एकट्याची होईल. आणि माझी एकट्याची आता पुरायची नाही..." एवढं बोलून त्याला दम लागला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

तरी मी ऐकलं नाही. नवीन टोकाचा पत्रा कापून ठेवला. म्हटलं, येईल ताळ्यावर. तो आला नाही. राधावहिनी दोनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघं असेच अडून बसा. तिकडं पोर रोज कोपऱ्यातल्या त्या शिंगाकडे बघते." लग्न जवळ येत होतं.

आग्रा रोडवरून गवताच्या गाड्या जायच्या. त्यांतला एक गाडीवान, दगडू नावाचा, माझ्याकडून बैलांच्या शिंगांना शेंब्या न्यायचा. शेंबी म्हणजे शिंगाच्या टोकाला बसवायचं पितळेचं टोपण. शोभेला असते आणि कामालाही. एका दुपारी तो बैल घेऊनच दारात आला. बैलाचं एक शिंग कुठंतरी आपटून फाटलं होतं. दगडू म्हणाला, "तांबटदादा, शेंबी घाला. नाहीतर चीर खाली उतरंल." मी शेंबी केली, उकळत्या पाण्यात टाकली, गरम असतानाच शिंगावर सारली. पितळ निवताना आवळतं. चिरीच्या दोन्ही कडा माझ्या डोळ्यांदेखत एकमेकींना भिडल्या. बैलानं डोकं हलवलं आणि तो पुन्हा रवंथ करायला लागला. मी तिथंच उभा. दगडूनं पैसे पुढं केले ते मला दिसलेच नाहीत.

संध्याकाळी स्वतःहून आत्मारामकडे गेलो. मी असा कुणाकडे जात नाही. त्याला म्हटलं, "शिंग काढ. त्याला शेंबी घालतो." तो अंथरुणावर उठून बसला. "कुठं?" "चीर आहे तिथं. बाहेरून. तुझं आतलं आत राहील." तो म्हणाला, "ओठ पितळेला लागता कामा नयेत." मी म्हटलं, "बोटभर मोकळं सोडतो." आणि मग त्याचे डोळे चमकले. हसायला लागला, खोकायला लागला, पुन्हा हसायला लागला. वहिनी धावत आल्या. तो म्हणाला, "बघ गो, बघ! हा शेंबी घालूक इलो! अरे तांबटा, शेंबी कोणाक घालतत? नळीक घालतत काय?" मी शिंग घेऊन चिरीपाशी दोऱ्यानं माप घेतलं.

शेंबी मी दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसवली. शिंग जुनं, सुकलेलं, त्यामुळे पितळ फार तापवायची सोय नव्हती. माझ्या बोटांना सोसेल एवढंच तापवलं, आणि मापात जराही चूक करून भागणार नव्हतं, कारण सैल राहिली तर आवळायची नाही आणि घट्ट झाली तर चीर पुढं पळायची. आयुष्यात मोठमोठे हंडे केले. पण या एवढ्याशा कड्यानं जो घाम फोडला तो त्यातल्या एकानंही फोडला नव्हता. मग अंगठा दाबून पाणी भरलं. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. थेंब आला नाही. तो म्हणाला, "फुंकून बघ." मी म्हटलं, "करणाऱ्यानं फुंकायचं नसतं. आमच्यात रीत नाही." तो म्हणाला, "मीही बघणार नाही. एकच आहे."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो एक शब्द बोलला नाही. नवं धोतर, डोक्याला फेटा, मांडवात एका खुर्चीवर ताठ बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला नुसते हात जोडायचा. मुलाचा एक मामा लवकर आला होता. त्याला वाटलं, काहीतरी बिनसलं. तो वहिनींना म्हणाला, "व्याही रागावलेत का आमच्यावर?" वहिनी पटकन म्हणाल्या, "नाही हो. ते हवा साठवतायत." बांबूवर रेकॉर्डींचा कर्णा बांधला होता, त्याचा कानठळ्या बसवणारा आवाज चालू होता. वऱ्हाडाची बस आग्रा रोडला थांबली म्हणून निरोप आला तशी मी स्वतः जाऊन तो बंद करवला. रेकॉर्डवाला कुरकुरला. त्याला म्हटलं, "तुझ्या डब्याला ज्याचं नाव दिलंय ना, त्याचा भाऊ वाजणार आहे. गप बस."

आत्माराम गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. शिंग उचललं. कडेला लिंबाखाली दगडूची गाडी सोडलेली होती, बैल बांधलेले होते. वऱ्हाड दिसायला लागलं. पुढं नवरामुलगा, मागं बाया. आत्मारामनं डोळे मिटले आणि ओठ लावले. आधी नुसती हवा गेली. माझा हात आपोआप त्याच्या पाठीला गेला. आणि मग आवाज आला. मी आयुष्यभर शिंगं ऐकली आहेत. पितळ चढ्या आवाजात बोलतं, कानात घुसतं. हा आवाज तसा नव्हता. तो खालून आला, जाड, भरलेला, दूरच्या रानातून यावा तसा, आणि वर चढत गेला, थरथरला नाही, तुटला नाही. वऱ्हाडातली माणसं जागच्या जागी थांबली. मांडवाच्या दारात कुसुम उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, नवरीनं बाहेर यायचं नसतं तरी आली होती. तिनं तोंडावर हात धरला होता. वहिनी तिला आत ओढायच्या सोडून स्वतःच रडत होत्या.

आवाज थांबला तसं मी त्याला ओट्यावर बसवलं. त्याचं धोतर, फेटा, सगळं ओलं झालं होतं. बराच वेळ श्वास ताळ्यावर येत नव्हता. आला तसं पहिलं काय बोलला तर, लिंबाकडे बोट करून, "बैल बघ." दगडूचे दोन्ही बैल कान टवकारून आमच्याकडे बघत होते. आत्माराम म्हणाला, "शिंग हंबारला मा? त्यांका कळला." मी म्हटलं, "माशी चावली असेल." तो हसला. एवढा हसला की मला भीती वाटली.

त्यानंतर त्यानं शिंग फुंकलं नाही. पावसाळाभर अंथरुणाला होता. मी रोज संध्याकाळी जायचो. आम्ही गव्यावरून भांडायचो, पण आता तो दोन शब्द बोलायचा आणि उरलेलं भांडण मीच दोन्ही बाजूंनी करायचो. शेवटची भेट झाली त्या दिवशी कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तेल लाव हां त्याला. सुकलं की फाटतं." मी म्हटलं, "पितळेला तेल कशाला?" त्यानं डोळे मिटले आणि मिशीवर बोट फिरवलं. मी उठलो, म्हटलं, "उद्या येतो." दुसऱ्या सकाळी जावई माझ्या दारात होता.

दिवसकार्य झाल्यावर राधावहिनींनी ते शिंग कापडासकट माझ्याकडे आणून दिलं. म्हणाल्या, "शिमग्याला पुतण्या येऊन गावी नेईल. आम्हाला मुलीच, मान आता पुतण्याच्या घराकडे. तोवर तुमच्याकडे असू दे, भावोजी. घरात मला बघवत नाही." मी ते कामशाळेत, हातोडीचा धक्का बसणार नाही अशा कोपऱ्यात उभं केलं. गेल्या शनिवारी तो पुतण्या चौकशीला आला. तरणा, परळला गिरणीत आहे. दारात उभा राहिला, पण हातोडी वाजतच नव्हती. मी वाटी घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "काका, पितळेला तेल कशाला?"

मी म्हटलं, "पितळेला नाही. बस इथं. बोट बुडव. शेंबीच्या पुढं जो काळा भाग आहे ना, त्याला लावायचं, आणि दर शनिवारी लावायचं, विसरायचं नाही." त्यानं बोट बुडवलं. म्हणाला, "हे कशाचं?"

"गव्याचं," मी म्हटलं.